शाळेसाठी पैसे मागणारी माणसं: पार्वतीबाई आठवले, कर्वे, कर्मवीर आणि आजचे आपण

मुक्ता_मिरज

शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या असतात, व्हरांड्यात देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरलेली असतात. पावतीपुस्तक पिशवीत घालून त्या देणगीदाराच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाची नोंद सहसा कुठेच नसते. हा धागा त्या माणसांसाठी काढते आहे.

मी आधी गणित शिकवायचे. आता एका शिक्षणसंस्थेचा निधी विभाग सांभाळते. नव्याने या कामात येणारी मुलं-मुली दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, यात पुढे काय? दुसरा जरा चाचरत येतो: सतत मागून मागून माणूस म्हणून आपलं काय होतं? पहिल्याचं उत्तर हल्ली व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातही मिळतं. दुसऱ्यासाठी मी त्यांना पार्वतीबाई आठवल्यांबद्दल सांगते.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा, देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. थोरल्या बहिणीने, गोदूबाईने, १८९३ मध्ये प्रोफेसर धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती बाया कर्वे झाली. पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्याला आल्या आणि ज्या वयात तेव्हाच्या बायका सुना आणायच्या तयारीला लागायच्या, त्या वयात नेटाने शिकायला बसल्या. मग शिक्षिका झाल्या, मग पुण्याजवळ हिंगण्याला कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या अनाथ बालिकाश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या, आणि त्यानंतर आश्रमासाठी वर्गणी गोळा करायला बाहेर पडल्या. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. शिकल्या, शिकवलं, मुलींचं रोजचं जेवणखाण आणि आजारपण पाहिलं, आणि मग मागायला गेल्या. समोरच्याने "इतके पैसे लागतात कशाला?" असं विचारलं तर उत्तरासाठी त्यांना कागद चाळावे लागत नसणार.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. केशवपन केलेली, विधवेच्या वेशातली बाई परक्या गावात सभेत उभी राहते आणि विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते. जिचं समोर येणंसुद्धा अपशकुन मानलं जायचं, तिने चारचौघांत बोलायचं आणि वर पैसे मागायचे! लोकांनी पैसे दिले. अशी काही वर्षं फिरल्यावर, १९१२ च्या सुमारास, पार्वतीबाईंनी स्वतः वपन थांबवलं, विधवेचा वेश सोडला. मला यात थेट नातं दिसतं. गावोगाव दुसऱ्या बायकांच्या वतीने बोलता बोलता त्यांचा स्वतःबद्दलचा विचार बदलत गेला असणार. या कामात माणूस वाढतो तो असा, आपण जे बोलतो ते आधी आपल्याच कानांवर पडतं म्हणून.

१९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. वय अठ्ठेचाळीस. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. तिथल्या घरांमध्ये मोलकरणीचं काम करत त्या भाषा शिकल्या, आश्रमाविषयी बोलल्या, निधी जमवला आणि १९२० मध्ये परतल्या. हिंगण्याच्या संस्थेची एवढी मोठी कार्यकर्ती परक्या देशात भांडी घासते आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक पुढे सरकलं नाही.

माझं म्हणणं असं: मागण्याने माणूस लहान होतो हा समज खोटा आहे. पण ज्या कामासाठी मागतो ते काम आतून पाहिलेलं हवं. नाहीतर तो खरोखरच लहान होतो, हेही मी माझ्या क्षेत्रात पाहिलंय. तुमचे अनुभव लिहा. सहमत नसाल तर तेही मोकळेपणाने लिहा.

---

कोकणस्थलेखणी

मुक्ताताई, सुंदर धागा. माझं आजोळ देवरुखचं, पण पार्वतीबाई आमच्या गावच्या हे आज कळलं. वाचतेय, पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

---

हिंगणेपथ

पार्वतीबाईंचा उल्लेख वाचून फार बरं वाटलं. त्यांच्या जोडीने अण्णा कर्व्यांचीही निधीच्या अंगाने गोष्ट सांगायला हवी. आपण त्यांना समाजसुधारक म्हणून ओळखतो, पण चाळीस-पन्नास वर्षं त्यांचं मुख्य काम काय होतं हे पाहिलं तर ते पैसे जमवणं हेच होतं.

सुरुवात मुरूडच्या फंडापासून. गावाबाहेर नोकरी करणाऱ्या मुरूडकरांनी पगारातला थोडा भाग गावाच्या कामासाठी द्यायचा, अशी ती कल्पना. म्हणजे पहिलं मागणं आपल्याच माणसांकडे. पुढे १८९३ च्या पुनर्विवाहानंतर त्याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. तिथेच अनेकांनी हात टेकले असते. अण्णांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला पैसे दिले, आणि १९०० मध्ये आश्रम त्या माळावर गेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि तास संपले की पायी हिंगणं गाठायचं. रस्ता म्हणावा असा रस्ताही तेव्हा नव्हता.

आता पुढचा टप्पा बघा. १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झालं, विद्यार्थिनी पाच. पाच! आणि चारच वर्षांनी, १९२० मध्ये, सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले. ठाकरसीही जपानला जाऊन तिथलं महिला विद्यापीठ पाहून आले होते. मागणाऱ्याने जे वाचलं होतं ते देणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. मोठी देणगी वाक्चातुर्याने मिळते असं मानणाऱ्यांनी हा योग नीट अभ्यासावा. एकच चित्र दोघांच्या मनात आधीपासून तयार होतं.

१९२९ मध्ये सत्तरी ओलांडलेले अण्णा युरोप, अमेरिका, जपान असा दौरा करून आले आणि त्यानंतर आफ्रिकेतल्या भारतीयांकडे गेले. सगळीकडे व्याख्यानं आणि निधी.

मला मात्र सगळ्यात भावतो तो त्यानंतरचा भाग. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं आणि पुन्हा किरकोळ वर्गण्या गोळा करायला लागले. ज्याने पंधरा लाखांची देणगी मिळवली तो आणे-रुपयांसाठी दारोदार फिरतोय, आणि स्वतःच्या निवृत्तिवेतनातले पैसेही घालतोय. आजच्या भाषेत पदोन्नती म्हणजे मोठे देणगीदार सांभाळायला मिळणं. अण्णांची वाट उलट्या दिशेलाही गेली.

---

पावतीबुक_आणि_पेन

हिंगणेपथ, शेवटचा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. +१

---

जुना_रयतसेवक

निवृत्त मुख्याध्यापक आहे, नोकरी सगळी रयतमध्ये. कर्मवीर अण्णांशिवाय हा धागा पूर्ण व्हायचा नाही, म्हणून लांबण लावतो, सांभाळून घ्या.

भाऊराव पाटील मॅट्रिक झाले नाहीत. कोल्हापूरला जैन बोर्डिंगात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, लोक "पाटील मास्तर" म्हणायला लागले. मग ओगल्यांच्या काचकारखान्याचे विक्रेते, मग किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते. या विक्रेतेपणाकडे चरित्रांमध्ये पोटापाण्याची सोय म्हणून पाहिलं जातं. मला ती त्यांची खरी शाळा वाटते.

लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरतं अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. किर्लोस्करांचे सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले होते. असा नांगर विकायचा तर गावात मुक्काम करावा लागतो, लोकांच्या शंका ऐकून घ्याव्या लागतात, कोणाचा शब्द गावात चालतो हे ओळखावं लागतं, कोणत्या महिन्यात शेतकऱ्याच्या हातात पैसा असतो हे माहीत असावं लागतं. शाळेसाठी मागायला लागतं ते सगळं यात आलं. नांगराच्या निमित्ताने सातारा आणि आजूबाजूचा मुलूख त्यांच्या पायाखालून गेला. ४ ऑक्टोबर १९१९ ला, विजयादशमीला, कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था निघाली तेव्हा त्यांच्याकडे भांडवल काय होतं? ही ओळखीची माणसं आणि हा पायाखालचा मुलूख.

दुसरी गोष्ट मुष्टिफंडाची. बाईने रोज दळणकांडण करताना मूठभर धान्य बोर्डिंगच्या पोरांसाठी बाजूला ठेवायचं. १९१० च्या सुमारास दूधगावात ही रीत होती, पुढे रयतच्या वसतिगृहांनाही तिचा आधार झाला. मुठीतून किती धान्य जमत असेल ते असो. पण ज्या बाईची मूठ त्या मडक्यात पडते तिच्या घरचं पोर शाळेत न जाता राहील का? मी नोकरीत असताना शाळेची खोली बांधायची असली की गावकऱ्यांनी श्रमदान आणि दगड-वाळू द्यायची पद्धत होती. त्या खोलीची कौलं फुटली तर गाव आपणहून यायचं. ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या इमारतीबाबत मला हे दिसलं नाही.

"कमवा आणि शिका" हीही निधीचीच योजना होती. मुलगा शेतात राबतो आणि शिकतो, म्हणजे देणगीदारांच्या यादीत पहिलं नाव विद्यार्थ्याचंच.

१९४८ मध्ये सरकारी अनुदान बंद पडलं तेव्हा संस्था मोडेल असं वाटत होतं. लोकांनी ती धरून ठेवली, आणि गाडगेबाबांनी मुख्यमंत्री खेरांकडे शब्द टाकला. पुढे १९५४ मध्ये कराडच्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं गेलं, ते अशा ऋणातून.

नावांबद्दलची गोष्ट तर आमच्याकडे प्रत्येक पोराला पाठ असते. मोठ्या देणगीच्या बदल्यात साताऱ्याच्या कॉलेजला दिलेलं शिवाजी महाराजांचं नाव बदला म्हणणाऱ्याला अण्णांनी सांगितलं की एक वेळ बापाचं नाव बदलेन, पण हे नाही. मात्र याचा अर्थ ते देणगीदाराचं नाव द्यायच्या विरुद्ध होते असा घेऊ नये. साताऱ्याच्या हायस्कूलला १९४० मध्ये महाराजा सयाजीरावांचं नाव दिलंच होतं. कोणाचं नाव द्यायचं हे संस्था ठरवेल, आणि एकदा दिलेलं नाव पैशासाठी पुसणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

---

अश्विनी_सातारा

सर, प्रतिसाद फार आवडला. पण मला इथे कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंबद्दल लिहायलाच हवं.

बोर्डिंगातल्या मुलांना जेवायला घालायला पैसे नाहीत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. माहेरच्या संपन्न घरातली बाई. जैन घरातले संस्कार, सोवळंओवळं, आणि घरात सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला. तिने ते नुसतं सहन केलं नाही, आपलं मानलं. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचं हायस्कूल, महाविद्यालय काहीच त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढी आहे, उच्च शिक्षणाला कर्ज देणारी. माझ्या वडिलांच्या पिढीत कितीतरी जण तिच्या आधाराने शिकले.

तिकडे बाया कर्व्यांचंही तेच. अण्णा कर्व्यांनी आपली आयुर्विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली तेव्हा घरात मुलं लहान होती आणि बायांना ते पटलं नव्हतं. त्यांचा राग मला पूर्ण न्याय्य वाटतो. आणि तरीही त्या आयुष्यभर त्या कामात राहिल्या, स्वतःही निधी गोळा करत फिरल्या.

मुक्ताताई, तुम्ही विचारता की मागणारा माणूस घडतो का. घडतो. पण त्याच्या घडण्याची किंमत कोणाच्या डब्यातून जाते हेही त्याच धाग्यात लिहिलं गेलं पाहिजे. आजही संध्याकाळी सातनंतर देणगीदारांच्या भेटी घेणाऱ्या माणसाच्या घरी मुलांचा अभ्यास कोणी ना कोणी घेतच असतं.

---

मुक्ता_मिरज

अश्विनी, मनापासून आभार. हे मूळ लेखात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. म्हणूनच आमच्या विभागात रविवारच्या भेटी पाळीने ठेवल्या आहेत आणि प्रवासखर्च कोणी खिशातून करायचा नाही हा नियम आहे. त्यागाची परंपरा थोर आहे, पण पंचवीस वर्षांच्या पोरीकडून ती गृहीत धरायचा मला अधिकार नाही.

---

शशांक_वि

थोडा वेगळा सूर लावतो. वरच्या सगळ्या माणसांबद्दल नितांत आदर आहे. पण या गोष्टी आपण सांगतो तेव्हा एक धोका असतो. सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं, हा २००९ चा कायदा आहे. म्हणजे ते सरकारचं कर्तव्य आहे. प्रत्यक्षात काय? वेतनेतर अनुदान तुटपुंजं आणि उशिरा, शिक्षक भरती रखडलेली, शाळेला वीजबिल भरायला पैसे नाहीत. मग मुख्याध्यापक माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंख्यांसाठी आवाहन टाकतो आणि आपण टाळ्या वाजवतो. लोकवर्गणी जितकी कौतुकाची होते तितकी सरकारची सुटका सोपी होते. माजी विद्यार्थी ज्या शाळेला सुस्थितीतले मिळाले तिथे डिजिटल वर्ग होतो, आणि शेजारच्या पाड्यावरच्या शाळेला माजी विद्यार्थीच नाहीत, कारण तिथली मुलं ऊसतोडीला गेलेली असतात. या असमानतेचं काय?

---

जुना_रयतसेवक

शशांकराव, बरोबर बोललात, आणि कर्मवीरांचं उदाहरण तुमच्याच बाजूचं आहे. अण्णांनी सरकारी अनुदान कधी नको म्हटलं नाही. हक्काने घेतलं, आणि थांबलं तेव्हा भांडले. खेड्यापाड्यांत काढलेल्या पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा स्वातंत्र्यानंतर स्कूल बोर्डांकडे गेल्या. लोकांनी आधी शाळा उभी करून दाखवायची आणि मग सरकारला ती चालवायला लावायची, असं ते झालं. आज उलटं चाललंय, सरकारने सोडलेली शाळा लोकांनी उचलायची. हा फरक निधी मागणाऱ्याने ओळखला पाहिजे.

---

मुक्ता_मिरज

शशांक, तुमचा शेवटचा प्रश्न मला झोपू देत नाही, खरंच. आमच्या संस्थेच्या शाळांमध्येही असंच होतं. शहरातल्या शाखेची बॅच रौप्यमहोत्सवाला जमते आणि एका रात्रीत प्रयोगशाळेचे पैसे उभे राहतात. दुष्काळी पट्ट्यातल्या शाखेकडे पाहणारं कोणी नाही. आम्ही विश्वस्तांकडून एक ठराव करून घेतला: कोणत्याही शाखेला मिळालेल्या मोठ्या देणगीतला ठरावीक हिस्सा समान निधीत जाईल, आणि हे देणगीदाराला पावती फाडण्याआधी सांगितलं जाईल. काही देणगीदार नाराज झाले. एका मोठ्या देणगीदाराने माघार घेतली. विश्वस्त मंडळात त्यावरून बरंच बोललं गेलं, तरी ठराव टिकला. या कामातली माझी वाढ कशात झाली असं कोणी विचारलं तर मी या ठरावाकडे बोट दाखवीन. पहिली काही वर्षं देणगीदाराला "हो" म्हणण्यात जातात. अटी वाचायच्या, समजून घ्यायच्या, आणि मुलांच्या विरोधात जाणारी अट असेल तर नम्रपणे पाकीट परत करायचं, हे फार उशिरा जमतं.

आणि सरकारकडे पाठपुरावा हाही निधी विभागाच्याच कामाचा भाग मानला पाहिजे. थकलेल्या अनुदानाची फाइल शिक्षणाधिकारी कार्यालयात पुढे सरकवणं हे देणगीइतकंच मोलाचं आहे, भले त्याचा फोटो कुठे छापून येत नसेल.

---

ताळेबंद

मी सनदी लेखापाल आहे, काही शैक्षणिक न्यासांचं ऑडिट करतो. मुक्ताताईंच्या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्यांसाठी माझ्या बाजूने थोडं.

प्रवेशाच्या बदल्यात घेतलेला पैसा म्हणजे देणगी नव्हे. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फीविरोधी कायदा आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही ते निषिद्ध आहे. निधी विभागाच्या माणसाने प्रवेश समितीच्या खोलीत पाऊल ठेवू नये, इतकं हे अंतर कडक हवं. लोकांच्या मनात शाळेच्या देणगीविषयी जी अढी बसली आहे ती यामुळेच बसली.

करसवलतीवर फार विसंबू नका. रोख देणगी दोन हजारांच्या वर गेली तर ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदाराला तर ती सवलतच नाही. "तुमचा कर वाचेल" म्हणून मागायला शिकलेल्यांची आता पंचाईत होते आहे. कामाबद्दल बोलायला शिकलेले निर्धास्त आहेत.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल: कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, किंवा १००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के खर्च करावे लागतात. हा पैसा मोठा वाटतो, पण तो बहुधा प्रकल्पाला बांधलेला आणि मुदतीचा असतो. संगणक येतात. संगणक शिकवणाऱ्या बाईंच्या पगाराची तजवीज त्यात क्वचित असते, आणि प्रकल्प संपला की खोलीला कुलूप लागतं. म्हणून कायम निधी वाढवणं, ज्याच्या व्याजावर शाळेचा नेमाचा खर्च भागेल, हे कंटाळवाणं काम जो नेटाने करतो तो खरा निधीप्रमुख.

अवांतर: हिशोब फक्त धर्मादाय आयुक्तांसाठी ठेवायचा नसतो. पाचशे रुपये देणाऱ्या माणसालाही वर्षअखेरीस एक पानी हिशोब पाठवणाऱ्या संस्था माझ्या पाहण्यात आहेत. त्यांचे देणगीदार सहसा सोडून जात नाहीत.

---

निखिल_न्यूजर्सी

ताळेबंद, परदेशातून देणाऱ्यांसाठी एक भर. इथे बरेच जण आपल्या गावच्या शाळेला परस्पर पैसे पाठवून मोकळे होतात. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदानात धरत नाहीत. पण नागरिकत्व बदललं असेल तर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, ती विदेशी देणगी होते आणि शाळेच्या न्यासाकडे एफसीआरए (विदेशी अंशदान कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं लागतं. आमच्या गावच्या शाळेचे लिपिक भले गृहस्थ, पण त्यांना हे माहीत नव्हतं. मागणाऱ्याला हे माहीत असलं तर शाळेवर नस्ती बिलामत येत नाही.

आणि एक मनातलं. मला शाळेकडून दरवर्षी आवाहनाचं पत्र येतं, छापील. एकदा शाळेच्या एका बाईंनी फोन करून नुसतं विचारलं, "तू आठवीत होतास तेव्हा ग्रंथालयात काय वाचायचास?" पैशाचा विषयही काढला नाही. त्या वर्षी मी ग्रंथालयासाठी जे दिलं ते आधीच्या सगळ्या वर्षांहून जास्त होतं.

---

सुमेध_जत

मी विज्ञान शिक्षक आहे, अंशतः अनुदानित शाळेवर. संस्थेने विचारलं आहे की अर्धा वेळ निधीचं काम बघशील का, जमलं तर पुढे पूर्णवेळ. धागा वाचून ओढ वाटते आहे, पण भीतीही वाटते. माझा स्वभाव बोलका नाही. वर्ग सुटला तर शिक्षक म्हणून मी संपेन असंही वाटतं. घरचे म्हणतात, शिकवायचं सोडून वर्गणी काय मागत फिरतोस. काय करू?

---

हिंगणेपथ

सुमेध, अण्णा कर्वे बोलके नव्हते. वक्तृत्वासाठी त्यांना कोणीच नावाजलं नाही. ते शांतपणे जायचे, काय चाललंय ते सांगायचे, मिळेल ते घेऊन पावती द्यायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायचे. समोरचा नाही म्हणाला तरी पुढच्या वर्षी जायचे. अबोल माणसाला हे काम जमत नाही असं काही नाही.

---

जुना_रयतसेवक

सुमेधराव, घरच्यांना सांगा की कर्मवीर मास्तर होते, विक्रेते होते, आणि १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. आज त्यांच्या संस्थेच्या सातशेच्या वर शाखा आहेत. वर्गणी मागणाऱ्याला आमच्या भागात मान आहे.

---

मुक्ता_मिरज

सुमेध, मी तुमच्या जागी असताना मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते सांगते.

अर्धा वेळच घ्या, आणि वर्ग सोडू नका. निदान एका तुकडीचं विज्ञान स्वतःकडे ठेवा. मी अजूनही नववीच्या एका तुकडीला भूमिती शिकवते. देणगीदाराला प्रयोगशाळेबद्दल सांगताना, परवाच तिथे परीक्षानळी कमी पडली म्हणून दोन मुलींनी काय केलं, हे तुम्ही सांगू शकला पाहिजेत. ते गेलं की हातात फक्त तक्ते उरतात.

पहिल्या वर्षी नवीन देणगीदार शोधायला जाऊ नका. जुनी पावतीपुस्तकं काढा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी शंभर-दोनशे रुपये दिले आणि ज्यांच्याशी त्यानंतर कोणी बोललंच नाही अशी माणसं त्यात सापडतील. त्यांना भेटा, त्या पैशाचं काय झालं ते शोधून काढून सांगा, आणि त्या भेटीत काही मागू नका. तुमच्या तालुक्यात द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या हातात पैसा कधी येतो आणि कधी नसतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, त्याप्रमाणे भेटी ठरवा.

संस्थेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: प्रवासखर्च, तुमच्या तासिका कोण घेणार याची सोय, आणि जमलेल्या रकमेवर टक्केवारी किंवा बक्षीस मिळणार नाही ही अट. शेवटची अट ऐकून आश्चर्य वाटेल. पण टक्केवारी आली की माणूस मोठ्या पाकिटांच्याच मागे लागतो, आणि मूठभर देणाऱ्या बाईकडे जायला त्याला वेळ उरत नाही. ठरलेला पगार घ्या, चांगला घ्या, त्यात संकोच करू नका.

स्वभावाचं म्हणाल तर पहिल्या नकारानंतर दोन दिवस जेवण जात नाही. पुढे तो नकार आपल्याला नसून त्या दिवसाच्या त्या विनंतीला होता हे कळायला लागतं. काही नकार मात्र बरोबर असतात. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी मला सांगितलं होतं की तुमच्या शाळेत मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही आणि तुम्ही सभागृहासाठी पैसे मागताय. मी ते विश्वस्तांपर्यंत नेलं, आणि आधी स्वच्छतागृहं झाली. मग पोस्टमास्तर स्वतः येऊन पैसे देऊन गेले. बाहेरचं म्हणणं आत नेणं हेही तुमचंच काम असणार आहे, आणि ते तुम्हाला शिक्षक म्हणून संपवणार नाही.

---

सुमेध_जत

ताई, सर, सगळ्यांचे आभार. सोमवारी मुख्याध्यापकांशी बोलतो. दहावीची तुकडी ठेवून घेतो आणि जुनी पावतीपुस्तकं कुठल्या कपाटात आहेत ते आधी शोधतो. ताळेबंद सर, एक पानी हिशोबाचा नमुना असेल तर इथे टाकाल का?

---

ताळेबंद

टाकतो. शनिवारपर्यंत वेळ द्या, नावं काढून सुटसुटीत करून देतो. वर्षभरात काय आलं, कशावर गेलं, काय शिल्लक आहे आणि पुढच्या वर्षी काय करायचं आहे, एवढंच त्यात असतं. खाली मुख्याध्यापकांबरोबर एका विद्यार्थ्याचीही सही घ्या.